ए म्हणजे आणखी

थोरलीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि त्यापायी धाकटीच्या हाती राज्य आलं.

राज्य तसं आटोपशीर होतं. घराच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात भरतकामाची दोन यंत्रं, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि खिडकीपाशी एक वयस्कर कॉम्प्युटर. शाळांचे बिल्ले, क्लबांच्या टोप्या, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, ज्याला जे कापडावर उमटवून हवं ते इथे मिळायचं. दोघी जावा हा कारखाना चालवायच्या. त्यांचे नवरे, म्हणजे सासूबाईंचे दोघे मुलगे, सकाळी डबे घेऊन बस डेपोत कामाला जायचे ते संध्याकाळी उगवायचे, आणि कारखान्यातल्या कुठल्याही बाबतीत त्यांचं मत कुणी विचारायचं नाही. यंत्रांवर एक जुना कारागीर होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून सुटे दोरे कापायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवायच्या.

कॉम्प्युटर मात्र थोरलीचा. नऊ वर्षांपूर्वी तो सेकंडहँड घेतला तेव्हा चालू करून अंघोळीला गेलं तरी परत येईपर्यंत उघडत नसे. थोरलीनं वाचनालयात तीन रविवार शिकवणीला जाऊन स्वतःच्या हातानं त्यावर लिनक्स टाकलं, आणि म्हातारा तरतरीत झाला. त्यातलं सगळंच खुलं: जगभरच्या लोकांनी लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं, हवं तर बदलावं. पण घरातल्या त्या एका कॉम्प्युटरवर काही नवीन टाकायचं किंवा जुनं काढायचं तर ॲडमिनचा अधिकार लागे, आणि तो फक्त थोरलीकडे. घरातल्या प्रत्येकाचं, अगदी उस्तादांचंही, आपापलं खातं होतं, त्यात आपलं चित्र लावा, आपली पत्रं लिहा, त्यापलीकडे हात घालायचा नाही. साधा एक फॉन्ट लागला तरी, "ताई, जरा पासवर्ड टाका ना," म्हणून मिनतवारी करावी लागे. मग थोरली हात धुऊन, पुसून, खुर्ची ओढून बसायची, "तिकडे बघा," म्हणायची, आणि तिघं जण निमूटपणे रिळांच्या फळीकडे बघत उभी राहायची.

असल्या प्रत्येक हुकमाच्या आधी ती एक शब्द टाइप करायची, सुडो. म्हणजे हा हुकूम मी ॲडमिन म्हणून देते आहे. सासूबाईंनी एकतीस वर्षं टायपिंगच्या शिकवणीत मुली घडवल्या होत्या. दुसऱ्याच्या बोटांकडे बघून तो काय टाइप करतो ते त्यांना दुरून कळायचं. फळीकडे बघताबघता त्यांनी हा शब्द केव्हाच टिपला होता. फक्त त्या तो आपल्या पद्धतीनं वाचायच्या.

"एका फॉन्टसाठी सूड कशाला उगवायचा म्हणते मी," त्या म्हणायच्या. "सरळ माग, देईल."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थोरलीनं धाकटीला शेजारी बसवलं. डॉक्टरांनी आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या डोळ्याला चष्म्याशिवाय हत्ती दिसला तरी खूप, आणि डोळ्यावरच्या पट्टीवरून चष्मा बसणार नव्हता.

"एका वेळी एकच ॲडमिन," थोरली म्हणाली. "दोघी असलो की तू म्हणणार मी टाकलं नाही, मी म्हणणार मी काढलं नाही. उद्यापासून तू. आता नीट बघ. ही ॲडमिन लोकांची यादी, हिला ग्रुप म्हणायचं. असे बरेच ग्रुप असतात. कुणाला ग्रुपमध्ये घालायचं तर हा हुकूम, आणि त्यात हा ए विसरायचा नाही. ए म्हणजे आणखी. त्या माणसाचे आहेत ते ग्रुप, आणखी हा एक. ए विसरलीस तर आधीचे सगळे जातात आणि नवा तेवढा राहतो."

"ए म्हणजे आणखी," धाकटी म्हणाली. खरं तर तिचं निम्मं लक्ष त्या चमचमणाऱ्या कर्सरकडे होतं.

"आणि पत्ते नाहीत."

दाराजवळ कात्रीचा आवाज थांबला. कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ टाकून मिळावा ही सासूबाईंची जुनी मागणी होती आणि थोरलीनं ती नऊ वर्षं धुडकावली होती. पत्ते आले की दोरे कापणं संपलं, हे तिचं म्हणणं.

शेवटी थोरलीनं धाकटीकडून स्वतःचंच नाव यादीतून काढून घेतलं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा धाकटीला वाटलं कीबोर्ड बंद पडला. "दिसत नाही ते बरं असतं," थोरली म्हणाली आणि उठून बॅग भरायला वर गेली.

ऑपरेशन झकास झालं. थोरली संध्याकाळी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी धाकटी खाली उतरली ती पाय जमिनीला न लावताच.

त्या दिवशी अग्निशमन दलाच्या बँडचे साठ बिल्ले संध्याकाळी पाचला द्यायचे होते. एक हेल्मेट, त्याखाली कर्णा, भोवती ज्वाळा. अडतीस झाले होते, बावीस उरले होते. उस्तादांनी पहिलं यंत्र लावलं आणि धाकटी कॉम्प्युटरसमोर बसली. निव्वळ बघावं म्हणून तिनं प्रोग्रॅमची यादी उघडली. हजारो नावं. सगळी फुकट, सगळी खुली, आणि प्रत्येकापुढे एक बटण: टाका.

लहानपणी मिठाईच्या दुकानात काचेला नाक लावून उभं राहावं आणि दुकानदारानं किल्ल्या आपल्याच हातात द्याव्यात, तसं तिला झालं. तिनं आधी ताऱ्यांचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. मग दर तासाला वेळ बोलून दाखवणारं घड्याळ. मग कपड्यांवरचे डाग कसे काढायचे ते सांगणारं काहीतरी, ते कुठल्या तरी अनोळखी भाषेत निघालं, तरी राहू दे म्हणाली. प्रत्येक वेळी पासवर्ड टाकताना ती मोठ्यानं म्हणायची, "तिकडे बघा," आणि उस्ताद यंत्र सोडून फळीकडे बघायचे.

"उस्ताद, तुम्हाला काय हवंय? मागा."

उस्तादांनी टोपी मागे सारली. "रेडिओ मिळेल का, वहिनी?"

"कुठल्या देशाचा?"

उस्ताद गडबडले. अकरा वाजता खोलीत कुठल्यातरी लांबच्या देशातला अॅकॉर्डियन वाजायला लागला आणि त्याच्या तालावर सुई खालीवर होऊ लागली.

"आई, तुम्हाला?"

"मला काय हवंय ते घराला ठाऊक आहे."

"ते सोडून."

सासूबाई म्हणाल्या मग काही नको. पण धाकटी आता थांबणारी नव्हती. तिला यादीत एक चीज सापडली: कुठलंही बटण दाबलं की जुन्या टाइपरायटरसारखा खट असा आवाज येतो, आणि ओळ संपली की घंटा. तिनं ती टाकली आणि सासूबाईंना खुर्चीत आणून बसवलं. सासूबाईंनी दहा बोटं कीबोर्डवर ठेवली. एक ओळ टाइप केली. घंटा वाजली. मग त्यांची बोटं अशी सुटली, की यंत्राचा आवाज मागे पडला. एकतीस वर्षांचा सराव पाच मिनिटांत वसूल झाला. त्या खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते.

"काय लिहिलंत?" धाकटीनं विचारलं.

"आदरणीय महोदय, आपले दिनांक बारा रोजीचे पत्र मिळाले," सासूबाई म्हणाल्या. "पानभर."

एव्हाना धाकटीला प्रत्येक गोष्ट सुधारावीशी वाटत होती. तिची नजर भरतकामाच्या प्रोग्रॅमवर गेली. चित्राचे टाके करून यंत्राला कळवणारा तोच एक प्रोग्रॅम, सगळा कारखाना त्याच्यावर उभा. त्याची नवी आवृत्ती आलेली दिसली: ज्वाळांसारखे आकार आता जास्त सफाईनं भरतात, म्हणे. जुनं काढल्याशिवाय नवं बसत नव्हतं. तिनं जुनं काढून टाकलं आणि नवं डाउनलोडला लावलं. पंचवीस मिनिटं, असं कॉम्प्युटरनं सांगितलं. यंत्रात सहा बिल्ल्यांचे टाके आधीच भरलेले होते, घाई नव्हती.

"वहिनी, आता दुसऱ्या यंत्राला चित्र कोण पाठवणार?" उस्तादांनी विचारलं. "वायरीतून पाठवायचं थोरल्या वहिनींच्याच खात्यातून जमतं."

खरंच की. वायर वापरायला यंत्राच्या ग्रुपमध्ये नाव लागायचं. धाकटी म्हणाली, एवढंच ना. तिनं परवाचा हुकूम आठवला, सुडो लिहिलं, ग्रुपचं नाव लिहिलं, आपलं नाव लिहिलं आणि रुबाबात एंटर दाबलं. कॉम्प्युटर काही बोलला नाही. लिनक्स खूश असलं की गप्प असतं, हे थोरलीचं वाक्य तिला ठाऊक होतं. बदल लागू व्हायला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचं होतं. डाउनलोड पुरं झाल्यावर तिनं तेही केलं. यंत्राच्या ग्रुपमध्ये नाव आलं होतं. तिनं उस्तादांना अंगठा दाखवला.

मग नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला. पासवर्ड टाकला. पडद्यावर एक ओळ आली. अधिकार असलेल्यांच्या यादीत आपले नाव नाही. या घटनेची नोंद घेण्यात आली आहे.

तिनं पुन्हा टाकला. पुन्हा तीच ओळ. अॅकॉर्डियन वाजतच होता.

"काय म्हणतोय तो?" सासूबाई.

"मी ॲडमिन नाही म्हणतोय."

"मग कोण आहे?"

धाकटी उत्तर द्यायला वळली आणि बोटांवर नावं मोजू लागली. थोरलीचं नाव तिनं स्वतः काढलं होतं. स्वतःचं नाव आता स्वतः काढलं होतं, कारण ए. ए विसरला होता. तिचं नाव आता यंत्राच्या ग्रुपमध्ये होतं, पण फक्त तिथेच; ॲडमिनच्या ग्रुपमधून ते गेलं होतं. घरात कुणीच ॲडमिन नव्हतं. जुना प्रोग्रॅम काढलेला, नवा बसवायला कुणी नाही. त्याच क्षणी पहिल्या यंत्रानं सहावा बिल्ला पुरा केला आणि ते थांबलं. सोळा बिल्ले बाकी. बोलणारं घड्याळ म्हणालं, एक वाजला.

"वहिनी," उस्ताद हळूच म्हणाले, "बँडमास्तर तापट आहे."

वर जाऊन थोरलीला सांगायचं होतं. जिन्याच्या अकरा पायऱ्यांवर धाकटीनं अकरा प्रकारे सुरुवात करून पाहिली. थोरली पलंगावर पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"ताई, ए म्हणजे आणखी ना?"

थोरलीनं मान वळवली. मग तिनं हात पुढे केला. "धर. खाली ने मला."

"पडद्याकडे बघायचं नाही तुम्हाला."

"मी कुठे बघतेय? तू बघ आणि वाच. मी सांगते."

थोरलीला कॉम्प्युटरजवळ पण पाठ करून बसवलं. तोंड रिळांच्या फळीकडे. सासूबाई आपली खुर्ची ओढून आल्या. उस्ताद कापडाचे तुकडे गोळा करायच्या निमित्तानं जवळ सरकले.

"बंद करून चालू कर," थोरली म्हणाली, "आणि चालू होतानाच डावीकडचं शिफ्ट दाबून धर. यादी येईल. काय लिहिलंय?"

धाकटीनं वाचलं.

"दुसरी ओळ. एंटर. आता दुरुस्तीची ओळ शोध. सापडली? घे. आता खाली रूट लिहिलेलं असेल. रूट म्हणजे मूळ. ॲडमिनच्याही वरचा. एंटर."

पडदा काळा झाला. जाळीसारखी एक # अशी खूण आली आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकायला लागला.

"पासवर्ड?" धाकटीनं विचारलं.

"विचारलाय का?"

"नाही."

"मग नको."

धाकटीनं पडद्याकडे बघितलं, मग थोरलीच्या पाठीकडे. धाकटी आता रूटच्या, सगळ्यात मोठ्या अधिकाराच्या खुर्चीवर बसली होती आणि तिला कुणी तू कोण म्हणून विचारलंही नव्हतं. सासूबाईंनी कात्री मांडीवर ठेवली.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "शिफ्ट दाबलं की झालं."

"हो," थोरली म्हणाली.

"आणि आम्ही नऊ वर्षं फळीकडे बघत होतो."

"हो."

"तुला हे माहीत होतं."

"तिसऱ्या रविवारी शिकवलं होतं," थोरली म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर त्याच दुपारी पत्ते आले असते."

सासूबाईंनी यावर विचार केला आणि त्यांना ते मान्य करावं लागलं.

"हुकूम लिही," थोरली म्हणाली. "पण आधी डिस्कवर लिहायची परवानगी घ्यावी लागेल, आत्ता फक्त वाचायची आहे." तिनं एकेक अक्षर सांगितलं, धाकटीनं एकेक अक्षर परत म्हणून टाइप केलं. "आता ग्रुपचा. पुढे काय?"

"ए."

"ए म्हणजे?"

"आणखी."

"मोठ्यानं."

"आणखी," धाकटी म्हणाली आणि तिनं एंटर दाबलं. कॉम्प्युटर गप्प राहिला. खूश होता. आणि मग, ती उठणार एवढ्यात, खाली एक ओळ आली.

"ताई, हा म्हणतोय तुमच्यासाठी टपाल आहे."

"कुणासाठी?"

"रूटसाठी."

थोरलीनं कपाळाला आठ्या घातल्या. "रूटला कोण पत्र लिहिणार? उघड बघू."

धाकटीनं उघडलं. तीनशे सत्त्याण्णव पत्रं होती, सगळी न वाचलेली. तिनं पहिलं वाचलं आणि तिच्या लक्षात आलं. कुणी अधिकार नसताना सुडो करू पाहिलं की कॉम्प्युटर म्हणतो, घटनेची नोंद घेतली आहे. ती नोंद इथे यायची. तारीख, वेळ, नाव आणि काय करू पाहिलं ते. नऊ वर्षं तो इमानेइतबारे चहाड्या लिहून पाठवत होता आणि पेटी कुणी उघडलीच नव्हती.

"वाच की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, यातली बरीच तुमची आहेत."

"माझी?"

"दोनशे एकसष्ट. सगळी दुपारी दोन ते अडीचच्या मधली. सगळ्यात एकच हुकूम. पत्त्यांचा खेळ टाका."

थोरलीची पाठ ताठ झाली. "दोनशे एकसष्ट?"

"तू जेवून पडायचीस तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना लाज वाटल्याचं काही चिन्ह नव्हतं. "हुकूम पाठ होता. वाटलं, एखाद्या दिवशी कंटाळून हो म्हणेल. नोंद घेतली म्हणायचा, पण कुठे घेतली ते सांगायचा नाही. मला वाटलं, घेतली असेल कुठेतरी."

उस्ताद कापडाचा गठ्ठा उचलून दाराकडे निघाले होते.

"उस्ताद," धाकटी म्हणाली, "एकशे सव्वीस. दर शुक्रवारी साडेचार वाजता. हुकूम: घड्याळ अर्धा तास पुढे करा."

उस्ताद जागीच थांबले. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, टोपी काढली, पुन्हा घातली. "शुक्रवारी बायकोच्या माहेरी जेवायला जावं लागतं," ते म्हणाले. "लवकर गेलं की लवकर सुटका होते."

"मला विचारायचं ना," थोरली म्हणाली. "मी सोडलं असतं."

"तेही खरंच, वहिनी. सुचलं नाही."

सासूबाईंना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. धाकटीही हसायला लागली, आणि पुढचं पत्र तिनं आपोआप खाली सरकवलं.

"ते काय लपवलंस?" सासूबाई म्हणाल्या. पडद्यावरचं वाचायला त्यांना चष्मा लागायचा नाही. "तुझं नाव आहे त्यावर. आजची दोन धरून नऊ आहेत. पहिल्याची तारीख वाच."

धाकटीनं वाचली. सात वर्षांपूर्वीची होती. तिच्या लग्नाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. हुकूम होता: मला ॲडमिन करा.

"अकराव्या दिवशी," थोरली म्हणाली. ती अजून फळीकडेच बघत होती. "मी तुला तेव्हा चहात साखर किती ते विचारत होते."

"मला फक्त बघायचं होतं काय होतं ते," धाकटी पुटपुटली. तिचे कान तापले होते.

"झालं ना बघून? आता संपली का पत्रं? पाचला माणूस येणार आहे."

"एक राहिलंय," धाकटी म्हणाली. तिच्या आजच्या दोन पत्रांच्या लगेच आधीचं. तिनं ते मनात वाचलं आणि मोठ्यानं वाचावं की नाही ते तिला ठरवता येईना. पण सासूबाईंना ठरवायला वेळ लागत नसे.

"आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं," त्यांनी खणखणीत वाचलं. "थोरली. नवीन अपडेट आलेत का बघा. नोंद घेतली."

थोरलीच्या हातातला रुमाल थांबला. मागून तिची मान फक्त दिसत होती, आणि ती मान हळूहळू लाल झाली.

"डोळ्याला पट्टी होती ना?" सासूबाई म्हणाल्या.

"बोटांना नव्हती," थोरली म्हणाली. "चहाचं आधण ठेवलं होतं. रोज त्या वेळी अपडेट बघते, सवय आहे. मी काही टाकणार नव्हते. नुसतं आलेत का एवढंच."

धाकटीला या बाईची सात वर्षं धास्ती वाटत आली होती. ती पट्टी बांधून, चाचपडत, चोरपावलांनी जिना उतरून आलेली तिच्या डोळ्यापुढे उभी राहिली आणि धाकटी खुर्चीतून घसरून जमिनीवरच बसली. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई डोळे पुसत होत्या. उस्तादांनी भिंतीला हात टेकला होता. मग थोरली पण हसायला लागली, आणि डॉक्टरांनी हसायचं नाही म्हणून सांगितलंय, हे सांगतानाच आणखी हसली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. धाकटी आपल्या खात्यात आत गेली, नवा प्रोग्रॅम बसला, दोन्ही यंत्रं एकदम सुरू झाली. ज्वाळा खरोखरच सफाईदार भरल्या जात होत्या, टोकाशी धागा नुसता लवलवत होता. मधल्या वेळात धाकटीनं थोरलीचं नावही पुन्हा ॲडमिनच्या ग्रुपमध्ये घातलं, न विचारता. मग आणखी एक ओळ लिहिली: सासूबाईंना सुडोचा अधिकार, पण पत्त्यांच्या एकाच हुकमापुरता. थोरलीनं ती ओळ धाकटीकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "चारनंतर. दोरे कापून झाल्यावर." सासूबाईंनी स्वतः टाइप केलं, स्वतःचा पासवर्ड टाकला, आणि बाकीच्यांना फळीकडे बघायला लावलं.

बँडमास्तर पाचला दहा कमी असतानाच आला. मिशाळ, उंच, गणवेशातला. शेवटचे दोन बिल्ले यंत्रावरच होते. त्यानं झालेल्यांपैकी एक उचलून उजेडात धरला.

"कर्णा छान आलाय," तो म्हणाला. "वाजवायला काही नाही आमच्याकडे, पण कर्णा छान आलाय."

"वाजवायला काही नाही म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. कुणी अर्धवट वाक्य बोललेलं त्यांना चालत नसे.

त्यानं सांगितलं. बँडच्या सगळ्या धुनांची स्वरलिपी केंद्रावरच्या कॉम्प्युटरात, जुन्या कारकुनाच्या खात्यात. कारकून निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी गेला आणि पासवर्ड विसरला. दोन वर्षं झाली. पोरं तोंडपाठ असलेल्या तीनच धुना वाजवतात. त्यातली एक प्रेतयात्रेची आहे. "परवा पालिकेच्या बागेच्या उद्‌घाटनाला तीच वाजवावी लागली," तो म्हणाला. "उरलेल्या दोन आधीच वाजवून झाल्या होत्या."

थोरलीनं पट्टीकडची बाजू त्याच्याकडे वळवली. "सिस्टीम कुठली आहे?"

"ती फुकटवाली. पेंग्विन आहे तिच्यावर."

पेंग्विन म्हणजे लिनक्सचीच खूण. धाकटीनं शिफ्ट दाबणाऱ्या आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"साहेबांची लेखी परवानगी आणा," थोरली म्हणाली. "आणि त्या कारकुनाला विचारून घ्या, त्याची हरकत नाही ना. दोन्ही आलं तर आम्ही येतो."

दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच आलं, आणि त्यांच्यासोबत दलाची लाल गाडी आली, शिडीसकट. दुसरं वाहन मोकळं नव्हतं. थोरलीला पुढे बसवलं, धाकटी आणि सासूबाई मागच्या बाकावर, एकेकीच्या मांडीवर पाण्याच्या नळीचं एकेक पितळी तोंड. सगळी गल्ली दारात आली. चालकानं विचारलं, भोंगा वाजवू का.

"आग लागलेली नाही," थोरली म्हणाली.

"थोडा," सासूबाई मागून म्हणाल्या.

चालकानं थोडा वाजवला.

केंद्रावर धाकटीनं शिफ्ट दाबलं. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण या वेळी तिला एकही अक्षर सांगावं लागलं नाही. साहेब, बँडमास्तर आणि वीस-बावीस जवान मागे दाटीवाटीनं उभे होते. "तिकडे बघा," धाकटी सवयीनं म्हणाली आणि सगळं अग्निशमन दल वळून शिडीकडे बघायला लागलं. सात मिनिटांत कारकुनाचं खातं उघडलं. एकशे चाळीस धुना होत्या. प्रिंटरनं पहिली पानं बाहेर टाकली तशी ती गरमगरमच जवानांच्या हातांत गेली.

पहिली वाजवलेली धून कुणालाच नीट येत नव्हती. ढोल एका पानावर होता, कर्णे दुसऱ्या, आणि झांजवाल्याला पान मिळालंच नव्हतं, तो आपल्या मनानं वाजवत होता. गाड्यांच्या शेडचं पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. सासूबाई पाण्याच्या टाकीवर बसून पायानं ताल धरत होत्या. थोरलीनं धाकटीच्या कानाजवळ तोंड नेलं आणि काहीतरी विचारलं. धाकटीला ते ऐकू आलं नाही, पुन्हा विचारलं तेव्हाही नाही, तिसऱ्यांदा आलं.

"यांच्याकडे अपडेट किती साचलेत?" थोरली विचारत होती.

"दोन वर्षांचे," धाकटी ओरडून म्हणाली.

थोरलीनं पदराला हात पुसले आणि खुर्ची कुठे आहे ते चाचपडून शोधायला लागली.